स्कोप सूर्याकडे धरू नका: सेकंडहँड स्कोपच्या 'टिप्स'ना उत्तर

'पहिला सेकंडहँड स्पॉटिंग स्कोप घेताय? मग हे वाचाच' अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतोय. परवा तो माझ्या भाचीने मला पाठवला. तिला भिगवणला आणि ठाणे खाडीवर न्यायला स्कोप, म्हणजे लांबचे पक्षी बघायची एका डोळ्याची, ट्रायपॉडवरची दुर्बीण हवीय, बजेट बेताचं आहे. मेसेजखाली तिने विचारलं होतं, "मामा, विक्रेत्याकडे दुपारी जाऊ ना? दुसऱ्या मुद्द्यासाठी ऊन लागेल." म्हणून आधी दुसराच मुद्दा घेतो.

तो असा: "आत फंगस आहे का हे तपासायला स्कोप सूर्याकडे धरा आणि डोळा लावा. फार चकाकलं तर ग्रहणाचा चष्मा घाला."

हे लिहिणाऱ्याने आणि पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने क्षणभर थांबून विचार करायला हवा होता. उन्हात आपली बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते. स्कोपची ८० मिमीची पुढची काच तिच्या शेकडो पट क्षेत्रावरचं ऊन गोळा करते आणि आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भागाच्या, टोकाशी आणून सोडते. नेत्रपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे आत भाजतंय हे त्या वेळी समजतच नाही. नजरेच्या ऐन मध्यावरचा डाग बऱ्याचदा काही तासांनी जाणवतो. त्यावर खात्रीचा उपचार नाही. ग्रहणाच्या चष्म्याचं म्हणाल, तर नासाच्या ग्रहण-सूचना नेमक्या याच गोष्टीबद्दल स्पष्ट आहेत: असा चष्मा घालूनही कॅमेरा, दुर्बीण, टेलिस्कोप किंवा दुसऱ्या कुठल्याही उपकरणातून सूर्याकडे बघू नका, एकवटलेले किरण फिल्टर जाळून आरपार जातात आणि डोळ्याला गंभीर इजा होते. तो चष्मा नुसत्या डोळ्यांसाठी बनवलेला असतो. स्कोपवरून सूर्य बघायचाच असेल तर खास सोलर फिल्टर पुढच्या काचेवर, बाहेरून आणि घट्ट बसवावा लागतो. फंगस शोधायला तर सूर्याची गरजच नाही.

फंगस अंधाऱ्या खोलीत शोधायची. पुढच्या मोठ्या काचेतून मोबाईलचा टॉर्च तिरका मारा. आयपीस निघत असेल तर काढा आणि मागून, डोळा न टेकवता, हातभर अंतरावरून बघा. मग टॉर्च मागून मारून पुढून बघा. सुटे ठिपके दिसले तर ती धूळ, तिने चित्रात फरक पडत नाही. कोळिष्टकासारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर ती फंगस. सगळीकडे दुधाळ झाक असेल तर आतल्या ग्रीसची वाफ बसली असेल किंवा चिकटवलेल्या काचा सुटत असतील. आयपीस वेगळा धरून तोही असाच बघायचा.

याच मुद्द्याच्या शेवटी "फंगस असली तरी चार दिवस उन्हात ठेवा, जाते" असंही म्हटलंय. जात नाही. बुरशी मेली तरी तिने खाल्लेला काचेवरचा लेप (कोटिंग) परत येत नाही, आणि प्रिझमवर किंवा दोन काचांच्या मध्ये ती असेल तर स्कोप उघडल्याशिवाय तिथवर हात पोचत नाही. शिवाय उन्हात उघडी ठेवलेली काच मागच्या पडद्याला, गवताला आग लावू शकते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेला स्कोप असेल तर ही टॉर्चची तपासणी करूनच भाव बोला.

पहिला मुद्दा: "६० पटींपेक्षा कमी झूम असेल तर घेऊच नका." साधा भागाकार करा. पुढच्या काचेचा व्यास भागिले पटी म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ६० मिमीचा स्कोप ६० पटींवर नेला की उरतो एक मिलिमीटर. चित्र काळवंडतं, कडा विरतात. तोच स्कोप २० पटींवर तीन मिलिमीटर देतो. त्यात ऊन चढलं की भिगवणला उजनीच्या पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि पटी वाढवल्या की ती थरथरही तितकीच मोठी होते. टिलवा आणि कंठेरी चिखल्या असे छोटे पाणपक्षी ओळखायला २५-३० पटी आणि रुंद दृश्य भरपूर झालं. विक्रेत्याला झूम शेवटपर्यंत न्यायला सांगा, लांबची पाटी वाचा. तिथे अक्षरं फुटत असतील तर ६० हा आकडा फक्त पट्टीवर लिहिण्यापुरता.

तिसरा मुद्दा स्कोपला मोबाईल जोडून फोटो काढण्याचा: "ॲडॅप्टर लावा, ६०० एमएमची लेन्स घ्यायची गरज नाही." यात निम्मं खरं आहे, ते मान्य करतो. मोबाईलचा मुख्य कॅमेरा साधारण २६ मिमीच्या लेन्सच्या बरोबरीचा असतो; ३० पटींशी गुणलं की ७८० मिमी होतात. चिखलात स्थिर उभ्या शेकाट्याचा, पायात ओळखीसाठी अडकवलेल्या फ्लॅगवरची अक्षरं वाचता येतील असा नोंदीचा फोटो यातून नक्की मिळतो. डिजिस्कोपिंग, म्हणजे स्कोपमधून असे फोटो काढणं, ही नवी गोष्टही नाही. मलेशियाचे लॉरेन्स पो १९९९ च्या सुमारास साध्या डिजिटल कॅमेऱ्याने हेच करत होते. पण फोकस हाताने करायचा असतो आणि प्रकाश कमी मिळतो. उडता सुरय यात पकडायचा म्हणजे नशिबाचा खेळ. ज्यांना उडत्या पक्ष्यांचेच फोटो हवेत त्यांनी तेच पैसे कॅमेरा-लेन्ससाठी साठवावेत. अनेक लेन्सच्या मोबाईलमध्ये कॅमेरा मध्येच दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो आणि चित्र काळं होतं, म्हणून मुख्य लेन्स लॉक करता येते का हे आधी बघा. ॲडॅप्टर आयपीसच्या बाहेरच्या व्यासाला बसतो का, हेही.

"आयपीस कुठलाही बसतो" हे साफ खोटं. एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीला बसेल याची खात्री नसतेच. एकाच कंपनीतही नसते. स्वारोव्स्कीच्या जुन्या एटीएस मॉडेलचा आयपीस नंतरच्या एटीएक्स मॉडेलला लागत नाही. नुसती बॉडी स्वस्त मिळतेय म्हणून घेतली तर तिचा आयपीस शोधण्यातच वर्ष जाईल.

ट्रायपॉडबद्दल "घरातला कोणताही चालेल" म्हटलंय. खाडीवरच्या वाऱ्यात हलका ट्रायपॉड हलतो आणि ३० पटींवर ती हालचाल ३० पट दिसते. बजेटमधला एक हिस्सा ट्रायपॉडसाठी बाजूला काढाच.

शेवटचा मुद्दा, "जुनी चांगली काच नव्या स्वस्त काचेपेक्षा बरी." हे बऱ्यापैकी खरं आहे, नाइलाजाने का होईना मान्य. नामांकित कंपनीचा वीस वर्षांपूर्वीचा ६०-६५ मिमीचा स्कोप आजच्या अनोळखी, "१०० पट झूम" छापलेल्या डब्यापेक्षा बहुतेक वेळा स्वच्छ दिसतो. फक्त तो आतून कोरडा असायला हवा, फोकसचं चाक कुठेही न अडकता फिरायला हवं, आणि विक्रेत्याने अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावू द्यायला हवा. भाचीला मी संध्याकाळी पाचला जायला सांगितलंय, सूर्याकडे पाठ करून लांबची पाटी वाचायला. टॉर्च लावायला विक्रेता नाही म्हणाला तर व्यवहार करायचा नाही.