पाखरांचं उष्टं

परवा सकाळी गच्चीवर एक होला बसलेला दिसला. पिसं फुगवून, अंगाचा गोळा करून. मी अगदी दोन हातांवर गेले तरी उडेना. समोर बाजरी होती. दाणा उचलायचा, चोचीत घोळवायचा आणि तो तसाच ओला होऊन खाली पडायचा. चोचीभोवतीची पिसं चिकट झालेली. दुपारी तो कुंडीमागे मेलेला सापडला.

ते ओले दाणे पडत होते माझ्याच थाळीत. लिहायला लाज वाटते, पण ती थाळी शेवटची कधी घासली होती ते मला आठवेना. रोज कालच्या दाण्यांवर आजची मूठ टाकायची, मातीच्या भांड्यात वरून पाणी ओतायचं, झालं पुण्य! त्या दिवशी भांड्यात आतून बोट फिरवलं, तर हिरवा बुळबुळीत थर बोटाला आला.

कबुतरं, होले यांच्यात ट्रायकोमोनास नावाचा परजीवी जुनाच आहे. तो घशात वाढतो, घसा आतून सुजतो, गिळता येत नाही. आणि पसरतो उष्ट्यातून. आजारी पक्ष्याच्या तोंडून पडलेला दाणा दुसरा उचलतो, त्याच भांड्यातलं पाणी तिसरा पितो. आमच्या होल्याला तेच झालं होतं असं छातीठोकपणे सांगत नाही, तपासणी झालीच नाही. पण लक्षणं तीच.

ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास हाच परजीवी बागेत दाणे खायला येणाऱ्या फिंच पक्ष्यांमध्ये शिरला. तिथला ग्रीनफिंच, आपल्याकडच्या चिमणीएवढाच, काही वर्षांत अंदाजे ४३ लाखांवरून २८ लाखांवर आला आणि २०२१ मध्ये तिथल्या धोक्याच्या लाल यादीत गेला. आरएसपीबी ही तिथली मोठी पक्षीसंस्था स्वतः फीडर, म्हणजे पाखरांना दाणे ठेवायची साधनं, विकते, पण २०२५ च्या सुरुवातीला तिने सपाट फीडरची विक्री थांबवली. कारण सपाट जागेवर दाणे, लाळ, शीट सगळं एकत्र कालवलं जातं. आपली मातीची थाळी याहून वेगळी काय आहे?

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, जंगलात कोण घासतंय त्यांची भांडी?" बरोबर आहे. पण जंगलात पन्नास पाखरं रोज एकाच ताटात जेवत नाहीत. गवताचं बी टिपतात आणि पुढे जातात. पंगत आपण मांडली, तर खरकटं काढायचं कोणी? घरात दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्याला तोंड न लावणारी माणसं आपण!

आता माझी पद्धत. मूठभरच दाणे, संध्याकाळपर्यंत संपतील इतकेच. पोतं ओतलं की कबुतरं ठाण मांडतात आणि चिमण्या फिरकत नाहीत, हा वेगळा ताप. पाणी रोज ओतून टाकून, भांडं काथ्यानं घासून नवीन भरायचं; डासांच्या अळ्याही होत नाहीत. दर पंधरा दिवसांनी गरम पाणी आणि साबणानं धुवायचं, मग नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून त्यात दहा मिनिटं बुडवायचं, वास जाईपर्यंत खळबळायचं आणि उन्हात खडखडीत वाळवायचं. वाळवणं टाळू नका, कारण हा परजीवी कोरड्यात फार टिकत नाही. म्हणून भांडी दोन ठेवा, एक वापरात, एक उन्हात. हातमोजे घाला, घासणी वेगळी ठेवा आणि हे काम स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये मुळीच नको. खालची वाळलेली शीट कोरडी झाडू नका, आधी पाणी मारा. ती धूळ आपल्याच छातीत जाते. पावसाळ्यात मी दाणे बंदच ठेवते. भिजलेल्या दाण्याला लगेच बुरशी धरते, आणि बाहेर तेव्हा त्यांना खायला भरपूर असतं.

बाटलीचे फीडर वापरणाऱ्यांनी ते एकदा उलटे करून बघा. तळाशी दाण्यांची ढेप झालेली असते. वर ताजी बाजरी, खाली कुजकी.

२० मार्चला चिमणी दिन आला की जिकडेतिकडे मातीची भांडी वाटतात, फोटो निघतात. मे महिन्यात तीच भांडी शेवाळून पडलेली असतात. वाटणाऱ्यांनो, भांड्याबरोबर एक घासणीही द्या की!

आजारी पक्षी दिसला तर निदान दोन आठवडे सगळं उचलून ठेवायचं, म्हणजे गर्दी पांगते. पाखरं उपाशी मरत नाहीत, त्यांना आपल्याशिवाय जगता येतं. आमची थाळी आणि भांडं सध्या धुऊन कठड्यावर पालथं पडलंय. सकाळी एक चिमणी त्या पालथ्या थाळीवर येऊन बसते आणि खिडकीकडे बघून कलकलाट करते. अजून नऊ दिवस, बाई.