‘राइसबाईंना वर्णभेदाची झळ लागलीच नाही’ म्हणे!

घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा एक मजकूर काल आमच्या मामींनीही ‘मुलांना वाचून दाखवा’ म्हणत पाठवला. दावे असे: अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री, कृष्णवर्णीय कोंडोलिझा राइस सुखवस्तू घरातल्या, त्यांना वर्णभेदाची झळ लागलीच नाही, वडील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या विरोधात होते, आणि या घराने कधी कुणाची सवलत घेतली नाही.

झळ लागलीच नाही, हा दावा वाचून डोकंच फिरतं. जन्म १९५४ चा, शहर अलाबामातलं बर्मिंगहॅम. आई शिक्षिका, वडील पाद्री आणि शाळेत समुपदेशक, तिसऱ्या वर्षापासून पियानो, हे सगळं कबूल. पण याच शिकलेल्या वडिलांना १९५२ साली मतदार नोंदणीच्या वेळी काय विचारलं? या बरणीत दाणे किती, सांग! नोंदणीआधी ‘परीक्षा’ असे आणि प्रश्न कारकुनाच्या मर्जीचा. म्हणजे नापास करायचं आधीच ठरलेलं. शेवटी चर्चमधल्या एका म्हाताऱ्याने पक्ष वाढवायला नावं नोंदवणारा रिपब्लिकन पक्षाचा कारकून गाठायला सांगितलं, तेव्हा नाव लागलं. राइसबाईंनीच २०१० साली आईवडिलांच्या आठवणींत हे लिहिलंय.

आणि १५ सप्टेंबर १९६३? त्या रविवारी सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्या संघटनेच्या लोकांच्या बॉम्बने चार मुली मारल्या. त्यातली ११ वर्षांची डेनिस मॅकनेअर ही छोट्या ‘कोंडी’ची, म्हणजे कोंडोलिझाची, खेळगडी. कोंडी तेव्हा ८ वर्षांची, वडिलांच्या चर्चमध्ये. स्फोटाचा हादरा तिथवर पोचला. याहून जास्त झळ म्हणजे काय हवी होती?

वडील मोर्चात उतरले नाहीत, एवढं मात्र खरं. कुणी दंडुका उगारला तर मी हात आवरणार नाही, मग मला मारतील आणि पोर उघडी पडेल, हा त्यांचा हिशेब. पण स्फोटांच्या त्या दिवसांत हेच गृहस्थ शेजाऱ्यांबरोबर बंदुका घेऊन रात्री वस्तीवर पहारा देत. याला विरोध म्हणायचं?

राहिली सवलत. आजोबांनी स्टिलमन कॉलेजची पहिल्या वर्षाची फी कापूस विकून भरली. कापूस संपल्यावर प्रेस्बिटेरियन पाद्री होणाऱ्यांची शिष्यवृत्ती घेतली. स्वतः राइसबाईंनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रोव्होस्ट (शैक्षणिक कारभाराच्या प्रमुख) असताना प्राध्यापकांसमोर सांगितलं, की विद्यापीठाच्या वंचितांना संधी देण्याच्या धोरणाचा लाभ मलाही झाला. प्राध्यापकांना नोकरीत कायम करताना हा निकष नको, पण नेमताना असावा, अशी त्यांची भूमिका होती.