गंजरोधक सळई घ्या आणि खाडीचं पाणी ओता? जरा थांबा

"सीआरएस सळई वापरा आणि टँकरचे पैसे वाचवा" अशा मथळ्याचा एक मेसेज हल्ली घर बांधणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय, म्हणजे काँक्रीटला गोड्या पाण्याच्या टँकरऐवजी खाडीचंच पाणी. त्यातले दावे थोडक्यात असे. या सीआरएस, म्हणजे गंजरोधक सळईत क्रोमियम आणि तांबं असतं, त्यामुळे ती गंजतच नाही. सिमेंट अल्कलाइन असतं, ते मिठाला मारून टाकतं. रोमन लोकांनी समुद्राच्या पाण्यात काँक्रीट केलं, ते दोन हजार वर्षं उभं आहे. गंजलेली सळईसुद्धा सिमेंटमध्ये गेली की बरी होते. आणि शेवटी, "आपण स्टीलच्या डब्यात मीठ ठेवतोच ना?"

असले मेसेज मी एरवी वाचतही नाही. पण मालवणजवळ घर बांधत असलेल्या माझ्या आतेभावाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, मिस्त्री पण हेच म्हणतो. मग टँकर कशाला?" त्याच्या कॉलमच्या सळया उभ्या आहेत आणि पुढच्या आठवड्यात काँक्रीट आहे. माझा धंदा स्लॅबदुरुस्तीचा. या मेसेजवर विश्वास ठेवणारे दहा-पंधरा वर्षांनी माझ्याचकडे येणार आहेत. तरी लिहितो.

सगळ्यात घातक वाक्य सिमेंटबद्दलचं आहे, कारण त्यात अर्धं खरं दडलंय. काँक्रीटच्या बारीक छिद्रांतलं पाणी खरंच कडक अल्कलाइन असतं, पीएच साडेबारा ते साडेतेरा. एवढ्या अल्कलीत लोखंडावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि गंज जवळजवळ थांबतो. काँक्रीटमधली साधी सळईसुद्धा पन्नास वर्षं टिकते ती याच कारणाने. इथपर्यंत मेसेजवाला बरोबर आहे, नाइलाजाने मान्य.

पण "मिठाला मारतं" हे कुठून आलं? अल्कली मारते आम्लाला. मीठ आम्ल नाही, त्यामुळे अल्कलीला तिथे मारण्यासारखं काही सापडतच नाही. सिमेंटमधली अॅल्युमिनेटं नावाची संयुगं थोडं क्लोराइड, म्हणजे मिठातला गंजवणारा भाग, बांधून ठेवतात, हे खरं. पण तेवढंच, आणि पुढे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा पीएच उतरला की त्यातलंही बरंच परत सुटतं. उरलेलं मोकळं क्लोराइड तो पापुद्रा एखाद्या जागी फोडतं. सगळीकडे नाही, एका ठिपक्यावर. ठिपका गंजतो आणि आजूबाजूची धडधाकट सळई कॅथोड, म्हणजे बॅटरीचं दुसरं टोक, बनून त्या गंजाला जोर देते. खड्ड्याच्या आत चक्क आम्ल तयार होतं. बाहेर पीएच 13 आणि आत 5च्याही खाली, अशी अवस्था असते. शिवाय या सगळ्यात क्लोराइड खर्च होत नाही. लोखंडाला विरघळवून ते परत मोकळं होतं आणि पुन्हा कामाला लागतं.

किती क्लोराइड पुरतं? 1967 साली अमेरिकेत हॉसमन नावाच्या संशोधकाने अल्कलाइन द्रावणात सळया बुडवून पाहिलं. क्लोराइड आणि हायड्रॉक्साइड (अल्कलीचा आयन) यांचं प्रमाण एकास एक होण्याच्या बऱ्याच आधी गंज सुरू झाला. समुद्राचं पाणी आणि पीएच 13 असा हिशोब मांडला, तर हायड्रॉक्साइडच्या एका आयनामागे क्लोराइडचे पाचेक येतात.

प्रयोगशाळा नको वाटत असेल तर सरळ आयएस 456 घ्या. काँक्रीटचं हे भारतीय मानक प्रत्येक इंजिनिअरच्या टेबलावर असतं. त्याच्या 2000च्या आवृत्तीत सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. समुद्राच्या पाण्यात ते साधारण 19,000 मिलिग्रॅम असतं. एका घनमीटर काँक्रीटला 170 लिटर पाणी धरा, म्हणजे सव्वातीन किलो क्लोराइड तुम्ही स्वतःच्या हाताने आत घातलंत. मानक घनमीटरला 0.6 किलो चालवून घेतं, आणि त्यात वाळू, खडी, सिमेंट सगळ्यातलं मिळून. सळई अजिबात नसलेल्या काँक्रीटलासुद्धा 3 किलोची मर्यादा आहे! खाडीचं पाणी पावसाळ्यात गोडसर लागतं म्हणून फसू नका, एप्रिल-मेमध्ये ते समुद्राच्या जवळपास पोचतं. त्याच मानकात समुद्राचं पाणी मिसळायलाही नको आणि काँक्रीटवर मारायलाही नको असं स्पष्ट लिहिलंय. अगदी अडलंच, तर फक्त बिनसळईच्या काँक्रीटला.

रोमनांचं उत्तर इथेच मिळालं. त्यांच्या बंदरांत सळई नव्हती. पुढे.

आता ती गंजरोधक सळई. आयएस 1786 या सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे क्रोमियम, तांबं, निकेल, मॉलिब्डेनम, फॉस्फरस हे सगळं मिळून किमान 0.40 टक्के असलं की ती कमी मिश्रधातूची सळई झाली. स्टेनलेस म्हणवून घ्यायला एकट्या क्रोमियमचंच प्रमाण किमान साडेदहा टक्के लागतं. कुठे अर्धा टक्का आणि कुठे साडेदहा! ही सळई साध्या सळईपेक्षा थोडी उशिरा आणि थोडी हळू गंजते, म्हणून किनाऱ्यावर जरूर घ्या, माझी ना नाही. पण ती चांगल्या काँक्रीटच्या जोडीला घ्यायची. वाईट पाण्यावरचा उतारा म्हणून नव्हे. तांबं घातलेलं स्टील उघड्यावर भिजत-वाळत स्वतःवर घट्ट गंजाचं कवच धरतं, पण खारट हवेत तेही नीट धरत नाही. हवाईमधलं अलोहा स्टेडियम 1975 साली तशाच स्टीलचं उभारलं आणि समुद्राच्या हवेने ते गंजतच राहिलं.

खरी स्टेनलेस सळई मात्र टिकते. मेक्सिकोत प्रोग्रेसो इथे 1941 साली पुरा झालेला धक्का 304 जातीच्या स्टेनलेसच्या सळईवर खाऱ्या पाण्यात उभा आहे. तिचा भाव विचारून या, मग टँकर स्वस्त वाटेल.

गंजलेली सळई बरी होते का? हाताला नुसती तांबूस पूड लागत असेल तर चालते. पोपडे सुटत असतील किंवा सळई वाळूत, खाऱ्या वाऱ्यात महिनोन्‌महिने पडली असेल, तर गंजाखाली मीठ बसलेलं असतं. तारेच्या ब्रशने घासून गोड्या पाण्याने धुवा.

मिठाच्या डब्याबद्दल काय बोलायचं! कोरडं मीठ आणि ओलं मीठ यात फरक आहे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलं की स्टीलच्या डब्याच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे दिसतात, बोटाने पुसून पाहा. जुन्या बायका मीठ चिनीमातीच्या बरणीत ठेवायच्या ते उगाच नाही.

हे सगळं प्रत्यक्षात कसं दिसतं तेही सांगतो. आधी सज्जाच्या खालच्या अंगाला, सळईच्या रेषेत केसासारखी चीर पडते. पाऊस झाला की तिच्यातून तांबूस ओघळ येतो. हातोडीने ठोकलं तर टणटण न वाजता डबडब वाजतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, म्हणून कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, फुगून पडतं. फोडून पाहिलं तर आठ मिलिमीटरची रिंग मध्येच दाभणाएवढी उरलेली, आणि वीतभर पलीकडे तीच रिंग निळसर, कोरी. त्या मधल्या जागेवरून सळईचा जोर ठरतो, पलीकडच्या कोऱ्या लोखंडावरून नाही. वाशीच्या पहिल्या खाडीपुलात आतल्या ताणलेल्या केबलच गंजल्या आणि शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. तिथे सरकारने पैसे घातले, तुझ्या घराला कोण घालणार?

तर भाऊराया, विहिरीचं पाणी मचूळ लागत असेल तर बाटली भरून क्लोराइडच्या तपासणीला दे, पाचशेच्या आत आलं तर खुशाल वापर. नाही आलं तर टँकर, काँक्रीटलाही आणि नंतर पाणी मारायलाही. खाडीची वाळू नकोच. कॉलमला 45 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक आण, मिस्त्री खडीचा तुकडा सरकवायला लागला तर त्याला थांबव. सळईवाल्याकडून मिश्रधातूंचे आकडे असलेला दाखला मागून घे, तो देणं त्याला मानकानेच बंधनकारक आहे. पैसे कमी पडले तर पोर्चच्या फरश्या पुढच्या वर्षी बसव.