लिंकन तीस वर्षं हरत नव्हता

राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा निकाल लागला आणि नापास झालेल्या माझ्या भाच्याला कुणीतरी तो जुना मेसेज पाठवला. अब्राहम लिंकन धंद्यात बुडाला, आमदारकी हरला, १८३६ मध्ये मनाने खचून सहा महिने अंथरुणाला खिळला, मग काँग्रेसची म्हणजे अमेरिकी संसदेची निवडणूक हरला, सिनेट या तिच्या वरच्या सभागृहाची दोनदा हरला आणि १८६० मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष झाला. म्हणून तूही अटेम्प्ट देत राहा. हा मेसेज किती वर्षं फिरणार आहे?

आधी १८३६ घेऊ, कारण ही सरळसरळ थाप आहे. त्या ऑगस्टमध्ये लिंकन इलिनॉय राज्याच्या विधानसभेवर दुसऱ्यांदा निवडून आला आणि सप्टेंबरमध्ये त्याला वकिलीची सनद मिळाली. अंथरुणाला खिळलेला माणूस हे कधी करणार? जिच्यावर त्याचं प्रेम होतं असं सांगतात ती ॲन रटलेज १८३५ मध्ये वारली तेव्हा तो फार खचला होता, असं शेजारीपाजारी पुढे सांगत. जानेवारी १८४१ मध्ये तर त्याने स्वतःच पत्रात लिहिलं, की आज माझ्याइतका दुःखी माणूस जगात नाही. नैराश्य खरंच होतं. म्हणून त्याला वाटेल ते वर्ष चिकटवायचं?

१८३२ ची आमदारकीची हार मात्र खरी. तेरा उमेदवारांत तो आठवा आला. पण न्यू सेलम या त्याच्या गावात ३०० पैकी २७७ मतं त्यालाच होती. बाकी मतदारसंघात त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. मग तो पोस्टमास्तर झाला, जमीनमोजणीच्या कामाने सँगमन काउंटी पालथी घातली, ओळखी वाढवल्या. १८३४, १८३६, १८३८, १८४०: सलग चार वेळा आमदार! राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफील्डला आणण्यात तो पुढे होता. गुलामगिरी अन्यायावर उभी आहे, असा निषेध मार्च १८३७ मध्ये सभागृहात नोंदवणारे दोघेच होते, डॅन स्टोन आणि तो. मेसेजमध्ये यातलं अक्षरही नाही. १८५९ मध्ये जेसी फेल या मित्राला लिहून दिलेल्या आत्मवृत्तात लिंकन स्वतः सांगतो, की लोकांनी मला हरवलं ते फक्त १८३२ मध्ये. भाच्याला सांगायचं तर १८३२ च्या हारीनंतर १८३४ पर्यंतच्या दोन वर्षांत लिंकनने काय केलं, ते सांगा. नुसतं 'देत राहा' सांगून पोरांची उमेदीची वर्षं जातात.

बाकीचं थोडक्यात. १८४८ मध्ये तो काँग्रेसला उभाच नव्हता. जागा आळीपाळीने वाटून घ्यायचं पक्षात ठरलं होतं. सिनेटर तेव्हा आमदार निवडत, आपल्याकडे राज्यसभेचे निवडतात तसे. १८५५ मध्ये त्याने ट्रम्बुल या दुसऱ्या उमेदवारासाठी माघार घेतली, १८५८ च्या लढतीत आमदारांची संख्या प्रतिस्पर्धी डग्लसकडे होती. दुकान बुडालं आणि कर्ज फेडायला वर्षं गेली, हे कबूल.

आणि अपयशच मोजायचं असेल तर खरं मोठं अपयश यादीत नाहीच. १८३७ मध्ये इलिनॉयने रेल्वे, रस्ते आणि नद्यांच्या कामांसाठी सुमारे एक कोटी डॉलरची योजना मंजूर केली. आमदार लिंकन तिचा खंदा पुरस्कर्ता होता. त्याच वर्षी मंदी आली, कामं अर्धवट पडली, राज्य कर्जात रुतलं. १८६५ मध्ये लिंकन गेला तेव्हाही ते कर्ज पुरतं फिटलं नव्हतं.