छप्पर मिळालं की झालं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

आपत्तीनंतरच्या निवाऱ्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत: ‘निवारा म्हणजे डोक्यावर छप्पर. कडी, आडोसा, शेजार ही सगळी नंतरची चैन. घर गेलेल्याला आधी ताडपत्री द्या. आणि या बाकीच्या गोष्टींना पैसा कुठून आणणार?’

पहिल्या रात्रीपुरतं तुमचं अगदी बरोबर आहे. भर पावसात ताडपत्रीच हवी. पण तात्पुरत्या म्हणून उभ्या केलेल्या शेडमध्ये माणसं कित्येकदा वर्षानुवर्षं राहतात. माझा लेख त्या काळाबद्दल होता.

बरं, ताडपत्रीचंच घ्या. तंबूभोवती चर खणलेला नसेल तर पाणी जमिनीवरून आत शिरतं आणि अंथरूण खालून भिजतं. थंडीत श्वासातली वाफ गार प्लास्टिकला लागते, तिचं पाणी होतं आणि पहाटे तेच अंगावर टपकतं. ओली जमीन अंगातली ऊब ओढून घेते. म्हणजे छप्पर शाबूत आणि पोरं गारठलेली.

कडीला तुम्ही चैन म्हणालात, ते मला फार लागलं. अनोळखी माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये कपडे कुठे बदलायचे? शौचालयाच्या वाटेवर दिवा नसेल, दाराला आतून कडी नसेल, तर कितीतरी बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. लघवी दाबून ठेवतात, आजारी पडतात. मदतकार्यात जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘स्फिअर’ मानकांत माणशी किमान 3.5 चौरस मीटर राहण्याची जागा सांगितली आहे, तीही स्वयंपाक आणि न्हाणीची जागा सोडून. त्याच मानकांत आतून बंद होणारी शौचालयं आणि पुरेसा उजेडही आहे. हे नियम मदत छावण्यांच्या अनुभवातूनच आले आहेत.

आता शेजार. 1995च्या भूकंपानंतर जपानमधल्या कोबेत सरकारने हजारो तात्पुरती घरं बांधली. वाटप करताना म्हाताऱ्यांना आणि अपंगांना प्राधान्य दिलं, बाकी सोडत काढली. हेतू चांगलाच होता, पण जुने शेजारी पांगले. दार ठोठावून ‘आज दिसला नाहीत’ म्हणणारं कुणी उरलं नाही. त्या घरांत 200हून अधिक माणसं एकटी असताना वारली आणि काहींच्या मृत्यूचा तर बराच काळ कुणाला पत्ताही लागला नाही. या घरांना छप्पर होतं, भिंती होत्या, दारं होती. पुढे जपानमधल्याच 2004च्या निइगाता भूकंपानंतर यामाकोशी गावच्या लोकांना वस्तीवार एकत्र ठेवलं, ते कोबेचा धडा घेऊनच.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1995 साली चमेली सिंग खटल्यात निवाऱ्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. पुरेशी जागा, सुरक्षित बांधकाम, उजेड, हवा, पाणी, स्वच्छता हे सगळं न्यायालयाने त्यात मोजलं आहे. आपणही एखाद्याला आसरा दिला म्हणतो तेव्हा फक्त पत्रा दिला असं म्हणायचं नसतं.

राहिला पैशाचा प्रश्न. चर खणायला फावडी लागतात, आणि छावणीत काम करू शकणारे हात असतातच. कडी ही त्या अख्ख्या शेडमधली सगळ्यात स्वस्त वस्तू असेल. एका आळीतल्या माणसांना एका रांगेत घरं द्यायला तर वेगळा खर्च नाही. यादी करताना प्रत्येकाला एवढंच विचारायचं, ‘तुमच्या शेजारी कोण राहायचं?’