चार बाइटांचा जाच

आमच्या कंपनीचे मुख्य कार्यालय महापे येथे असून वागळे इस्टेट, तुर्भे आणि बेलापूर येथे शाखा आहेत. या सर्व शाखांच्या लाइन महाप्याच्या राउटरवर एकाच पोर्टमध्ये उतरवण्याचा निर्णय ज्या बैठकीत झाला, त्या बैठकीला मला बोलावलेले नव्हते. प्रत्येक शाखेतले जाळे व्हीलॅन नावाच्या क्रमांकित आभासी भागांत वाटलेले आहे; लेखा विभागाचा व्हीलॅन १० आणि टेलिफोनचा २० आहे. तिन्हीकडचे १० क्रमांक एका पोर्टवर आले की कोणता कोणाचा, हे राउटरला कळण्याचा मार्ग उरत नाही. नवी मुंबईकरांना ही अडचण समजावून सांगावी लागू नये. नुसते ‘सेक्टर १०’ म्हटले, तर वाशीचा, ऐरोलीचा, नेरूळचा की खारघरचा, असे रिक्षावाला विचारणारच. म्हणून लाइन पुरवणारी कंपनी प्रत्येक शाखेच्या फ्रेमवर, म्हणजे माहितीच्या पाकिटावर, आमच्या टॅगच्या (व्हीलॅनचा क्रमांक सांगणाऱ्या चिठ्ठीच्या) बाहेर आपला आणखी एक टॅग लावते आणि मुख्य कार्यालयातील राउटरने दोन्ही टॅग वाचून वाहतूक वेगळी करायची असते. याला क्यू-इन-क्यू म्हणतात.

कागदावर हे काम सोपे आहे. प्रत्येक शाखेसाठी उप-इंटरफेस, म्हणजे त्याच पोर्टचा एक आभासी भाग, तयार करून बाहेरचा आणि आतला क्रमांक लिहिला की झाले. मात्र टॅगच्या सुरुवातीला ‘मी टॅग आहे’ असे सांगणारा एक सांकेतिक अंक असतो. २००५ साली मंजूर झालेल्या ८०२.१ एडी या मानकानुसार बाहेरच्या टॅगसाठी तो ८८ए८ हवा, परंतु अनेक उपकरणे बाहेरही साध्या टॅगचाच ८१०० लावतात, आणि काही जुनी मंडळी ९१०० वर अडून बसलेली असतात. आमचा राउटर मानकाप्रमाणे वागत होता, पुरवठादार सवयीप्रमाणे. परिणामी पोर्टवरचा दिवा उत्साहाने लुकलुकत होता आणि राउटर एकही फ्रेम आपली मानत नव्हता. शेवटी मानकाने सवयीपुढे मान तुकवली, जी आपल्याकडची रीतच आहे.

यानंतर पिंग, म्हणजे ‘पोहोचतंय का?’ असे विचारणारा छोटा चाचणी-संदेश, सुरू झाला आणि खरा छळही सुरू झाला. वागळे इस्टेटच्या लेखा विभागातील मॅडमना लॉगिन करता येत होते, पण पगाराची यादी उघडत नव्हती. टेलिफोन मात्र उत्तम चालत होते, त्यामुळे लाइन बंद असल्याची तक्रार त्याच लाइनवरून, अत्यंत स्पष्ट आवाजात, मला दिवसभर ऐकता येत होती. मी पुरवठादाराच्या मदत केंद्राला फोन केला.

‘‘सर, पिंग जातोय ना?’’

‘‘जातो, पण फाइल जात नाही.’’

‘‘मग सर, आमच्या बाजूने सगळं ओके आहे.’’

पिंग हा या व्यवसायातील सर्वांत लबाड साक्षीदार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोजवरून केलेल्या साध्या पिंगमध्ये ३२ बाइटांचा मजकूर असतो. तो कुठूनही निसटून जातो. म्हणून मी ‘तुकडे करू नयेत’ असा शेरा मारून आकार वाढवत नेला. १४६८ बाइटांचा पिंग गेला आणि १४६९ चा वाटेतच नाहीसा झाला. पूर्ण भरलेल्या पॅकेटसाठी १४७२ जायला हवा होता, म्हणजे नेमके चार बाइट कमी पडत होते, आणि एका टॅगची लांबी चारच बाइट असते! साधी इथरनेट फ्रेम १५१८ बाइटांपर्यंत असते, एका टॅगसह १५२२ आणि दोन टॅगांसह १५२६. वाटेतला कोणता तरी स्विच (फ्रेम पुढे पाठवणारे उपकरण) १५२२ च्या पुढची प्रत्येक फ्रेम मुकाट्याने टाकून देत होता. राउटर निदान ‘पॅकेट मोठे आहे’ असा निरोप पाठवतो. स्विच तेवढेही सौजन्य दाखवत नाही. आवाजाची पॅकेट्स साधारण दोनशे बाइटांची, लॉगिनचीही लहानच; अडकत होती ती फक्त पगाराची यादी, आणि तीही महिनाअखेरीला.

हे सारे गणित मी मदत केंद्राला लेखी पाठवले. त्यावर राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला आला, नंतर केबल बदलण्याचा, आणि मग त्याच पिंगचे एक छायाचित्र. अखेर एका रात्री वरच्या पातळीवरील अभियंत्याचा फोन आला. ‘‘सर, तुर्भ्याच्या पुढे एक जुना स्विच आहे, त्याचा एमटीयू वाढवून रीस्टार्ट केलाय. आता बघा.’’ एमटीयू म्हणजे एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा. १४७२ चा पिंग गेला आणि सकाळी यादी उघडली.

दुपारी तक्रार बंद झाल्याचा संदेश आला. कारणाच्या रकान्यात ‘कोणताही दोष आढळला नाही’ असे लिहिले होते आणि त्याखाली, सेवेला पाचपैकी किती तारे द्याल, असा प्रश्न होता. मी दोन दिले, एक आतल्या टॅगचा आणि एक बाहेरच्या.