‘दोन कमांडचं काम’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत : ‘टूल टाकायचं आणि काढायचं, दोन कमांडचं काम. बिल लावलं तीन तासांचं, वर सर्व्हरवर कचरा ठेवून गेले.’ तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. काम झाल्यावर फोनवर बोललो, तेव्हा बिलाबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत, याचं वाईट वाटलं.

‘दोन कमांड’ हे मात्र फार लागलं. सांगलीत आमचा धंदा एकाने दुसऱ्याला सांगण्यावर चालतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची बिलिंगची सर्व्हिस मधेच मरत होती. मेमरी संपली म्हणून कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) मारली असती तर त्याच्या लॉगमध्ये नोंद राहते, ती नव्हती. म्हणजे कुणीतरी सिगकिल (प्रोग्रॅम तिथल्या तिथे मारणारा सिग्नल) पाठवत होतं. एसट्रेस (चालता प्रोग्रॅम काय करतो ते दाखवणारं टूल) लावून ‘सिगकिल आला’ एवढंच कळतं, पाठवणारा कळत नाही, शिवाय चालती सर्व्हिस मंदावते. ऑडिटमधून (कुणी काय केलं याची कर्नल ठेवतो ती नोंद) पकडता आलं असतं, पण तुमच्याकडे ते बूटच्या सेटिंगमध्येच बंद होतं आणि चालू करायला रीबूट लागतो. रीबूट करायचा नाही, ही अट तुमची. मार्चअखेर होती, आम्ही ती पाळली.

म्हणून सिस्टिमटॅप, चालत्या कर्नलच्या आत डोकावणारं टूल; तुम्ही म्हणता ते टूल हेच. त्याच्या स्क्रिप्टचं कर्नल मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) बनतं आणि ते चालत्या कर्नलमध्ये बसतं. त्यासाठी कर्नल-डेव्हल (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फायली) आणि डीबगइन्फो (कर्नलच्या आतला नकाशा) ही पॅकेजेस नेमकी चालत्या कर्नलच्याच आवृत्तीची लागतात, शेवटचा आकडासुद्धा जुळावा लागतो. तुमच्या सेंटओएस ७ या लिनक्सवर अपडेटमधून आलेला नवा कर्नल नुसता पडून होता; रीबूट न झाल्यामुळे चालत होता जुनाच. यमला (पॅकेजेस आणणाऱ्या प्रोग्रॅमला) नुसतं नाव सांगितलं की तो सर्वांत नवं पॅकेज आणतो, जे इथे निरुपयोगी. त्यात सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपलेला, नेहमीचे मिरर (पॅकेजेस देणारे सर्व्हर) बंद. व्हॉल्टचे (जुन्या पॅकेजेसच्या साठ्याचे) पत्ते हाताने घातले, जुनी पॅकेजेस शोधली. डीबगइन्फो शेकडो एमबीचं, आणि तुमचं रूट पार्टिशन जवळजवळ भरलेलं. ते उतरत असताना आमचा मुलगा डिस्कवर नजर ठेवून बसला होता. डिस्क भरली असती तर तुमचं बिलिंगच बंद पडलं असतं. तो वेळ बिलात आहे आणि तो कामाचाच आहे.

मग सिग्नल पाठवणारा सापडला : आधीच्या कंत्राटदाराची विसरलेली क्रॉन स्क्रिप्ट, ठरल्या वेळी आपोआप चालणारी आणि नावावरून प्रोसेस शोधून मारणारी.

आता ‘कचरा’. स्क्रिप्ट थांबली की मॉड्यूल आपोआप उतरतं, तरी एलएसमॉडने (बसलेल्या मॉड्यूलची यादी दाखवणाऱ्या कमांडने) खात्री केली. यम हिस्टरी अनडूने आम्ही आणलेलं सगळं परत काढलं, सिस्टिमटॅपची कॅश पुसली. उरला तो जीसीसी (कोडचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर). तो आमच्याआधीपासून होता, यम हिस्टरीत तारीख आहे. जे आम्ही ठेवलं नाही ते न विचारता काढत नाही.

यापुढे वेळेचा अंदाज आधी सांगण्याकडे जास्त लक्ष देऊ. आणि सर्व्हिस त्यानंतर एकदाही बंद पडली नाही, हे तुम्हीच त्या फोनवर म्हणालात. तेवढी ओळ अभिप्रायात घातलीत तर आभारी राहीन.